लिंबोची वाट अडवणारी मालविना

सेंत गुदुल गावात तीस वर्षांत एकही बाळ बाप्तिस्म्यावाचून मेलं नाही. बाळं मेली, भरपूर मेली. घरटी दहा-बारा पोरं व्हायची तो काळ, आणि क्यूबेकचा हिवाळा कुणाचं वय विचारून येत नाही. पण जाण्याआधी प्रत्येक बाळ एकदा तरी हललं होतं. निदान गावची सुईण मालविना गोद्रो तसं शपथेवर सांगायची. कुणाची पापणी लवली, कुणी करंगळी हलवली, एकाने तर म्हणे जांभई दिली आणि मगच प्राण सोडला. हललं म्हणजे जिवंत. जिवंत असलं की सुईणीने डोक्यावर ओंजळभर पाणी ओतून दोन ओळी म्हणायच्या, की बाळ थेट देवाच्या मांडीवर. अशा अडल्यानडल्या वेळी फादरची गरज नाही, बाप्तिस्मा कुणीही दिला तरी चालतो, असा चर्चचाच नियम आहे. मालविनाला चर्चचे बाकीचे नियम फारसे आवडत नसत, पण या एका नियमाचं तिने सोनं केलं होतं.

आणि नाही झाला बाप्तिस्मा तर? तर लिंबो. धर्मशिक्षणाच्या तासाला पोरांकडून घोकून घेत: असं बाळ नरकात जात नाही, कारण त्याने काही केलेलं नाही, स्वर्गात जात नाही, कारण पहिल्या माणसाने, आदामाने, पाप केलेलं आहे. ते नरकाच्या काठावर लिंबो नावाच्या जागी जातं. तिथे कुणी भाजत नाही, छळत नाही, फक्त देव दिसत नाही आणि आई भेटत नाही, कधीच. मालविना म्हणायची, "पाप नाही, मजा नाही, सगळं कसं स्वच्छ आणि रविवारी सगळं बंद. म्हणजे प्रोटेस्टंटांचं टोरंटोच की!" बायका फिदीफिदी हसायच्या आणि लगेच घाबरून क्रुसाची खूण करायच्या.

बाई अंगाने बुटकी, रुंद, तोंडात सदा पाइप. आमच्याकडे शिव्या देवळातल्या सामानाच्या नावाने देतात हे खरं, पण मालविना एकदा तापली की वेदीपासून सुरुवात करून प्याला, पेटी, मेणबत्त्या असं अख्खं देऊळ रिकामं करायची. आणि तिचा नवरा आदेलार त्याच देवळाचा घंटावाला. घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं आणि मेलेल्यांचे खड्डे खणणं ही त्याची तीन कामं. तो बोलायचा नाही. दोघांच्या वाटणीचं ती बोलायची.

ती नास्तिक होती असं कुणी समजू नये. तिचा नरकावर पक्का विश्वास होता, लिंबोवरही होता, आणि त्याच विश्वासापायी ती आयुष्यभर खोटं बोलली. तिचं पहिलं पोर, मुलगा, मेलेलाच जन्मला होता. त्या वेळची सुईण प्रामाणिक होती. फादरनी विचारलं, हलला का? ती म्हणाली, नाही. झालं, निकाल लागला. आदेलारने स्वतःच्या पोराचा खड्डा दफनभूमीच्या कुंपणाबाहेरच्या कोपऱ्यात खणला, जिथे फास घेतलेले लोक आणि एक परक्या पंथाचा, मेथडिस्ट, फेरीवाला पुरला होता. नाव बाप्तिस्म्याबरोबर मिळतं, म्हणून पोराला नाव नव्हतं. आणि बाप्तिस्म्याआधी बाळाचा मुका घ्यायचा नाही, तोवर ते छोटं अधर्मीच, अशी आमची रीत. त्यामुळे मालविनाने त्याचा मुकाही घेतला नव्हता. पुढे तिला पाच मुली झाल्या, साऱ्या अमेरिकेतल्या कापडगिरण्यांत कामाला गेल्या. पण त्या प्रामाणिक सुईणीला मालविनाने कधी माफ केलं नाही. "एक शब्द," ती म्हणायची, "एक शब्द खोटा बोलली असती तर त्या बयेच्या तोंडाला काय फोड येणार होते?" मग तिने स्वतःच ते काम शिकून घेतलं, आणि दुसऱ्या कुणाचंही पोर त्या कोपऱ्यात जाऊ द्यायचं नाही असा चंग बांधला.

म्हातारे फादर सेव्हिन्यी होते तोवर काही अडलं नाही. ते विचारायचे, "हललं का, मालविना?" ती म्हणायची, "हललं ना, फादर." ते म्हणायचे, "देवाची कृपा," आणि नाक शिंकरून दुसरं बोलू लागायचे. त्यांनी गावात इतकी वर्षं काढली होती की कुठे कान द्यायचा आणि कुठे नाही हे त्यांना बरोबर कळत होतं. पण ते वारले, आणि पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीतून नवेकोरे फादर पाके आले. सरळ नाक, सरळ भांग, आणि प्रवचन असं लांब की पुढच्या बाकावरचे लोक म्हातारे होऊन बाहेर पडत. वाईट माणूस नव्हता. फक्त जे पुस्तकात वाचलं ते सगळं खरं मानायचा, आणि त्याच्यासारखा त्रासदायक प्राणी गावात दुसरा नसतो.

त्या साली मार्च संपता संपता मॅपलच्या झाडांना रस सुटला. गावातले सगळे आपापल्या गुऱ्हाळात जाऊन रस आटवून साखर करू लागले. ओव्हिला रांकूर नावाच्या तरुणाचं गुऱ्हाळ रानात दूर होतं. त्याची बायको आल्बेर्टिन, पोटुशी, पण अजून दीड महिना बाकी म्हणून चुलाण्यावर मदतीला गेली होती. तिथेच तिला कळा सुरू झाल्या. ओव्हिला घसरगाडी दामटत मालविनाला घेऊन गेला. मुलगा झाला, निळा, मुठीएवढा. आणि तो रडला. बारीकसा, मांजराच्या पिल्लासारखा, पण खरोखर रडला. मालविनाने आजवर जी मेलेली बाळं हलवली होती त्यांच्यात एकही खरं हललं नव्हतं. हे पहिलंच.

तिला काही सुचेना. तिने दाराजवळच्या बादलीत हात घातला, पोराच्या डोक्यावर ओंजळ ओतली आणि म्हणाली, "जोझेफ, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते." मग पोर आईच्या हातात दिलं. "घे मुका. आता घेता येतो. लवकर घे, बाई." आल्बेर्टिनने त्याच्या कपाळाचा मुका घेतला, एकदा, दोनदा, कितीदा तरी. तो तिच्या छातीवरच गेला. मालविनाने डोळे पुसले तेव्हा तिची बोटं एकमेकांना चिकटली. तिने वळून बादलीकडे बघितलं. ओव्हिलाने चुलाण्यासाठी आणून ठेवलेला, थोडा आटवलेला मॅपलचा रस होता तो. बाहेर सगळीकडे गुडघाभर बर्फ, हवं तेवढं पाणी, आणि हिने हात घातला तो रसात.

मालविना गप्प बसली. गप्प बसणं तिला जमत नसे, पण त्या दिवशी जमलं. जोझेफचं नाव चर्चच्या वहीत लागलं, छोटी पेटी आली. जमीन गोठलेली असते तोवर आमच्याकडे कुणाला पुरता येत नाही. हिवाळ्यात गेलेले सगळे दफनभूमीतल्या दगडी कोठीत मे महिन्याची वाट बघत पडून राहतात. जोझेफची पेटीही तिथे जाऊन बसली. किल्ली आदेलारच्या कमरेला.

आणि मग आल्बेर्टिन ईस्टरच्या कबुलीला, फादरपुढे आपली पापं सांगायला, गेली. बिचारीने उपासाच्या चाळीस दिवसांत साखर सोडली होती. तिने फादरला सांगितलं, "माझं व्रत मोडलं, फादर. मी गोड चाखलं."

"किती वेळा?"

"मोजलं नाही. बाळाच्या कपाळाचे मुके घेतले ना, ते गोड लागत होतं. आणि नंतर मी ओठ चाटले. मुद्दाम चाटले."

फादर पाकेंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कबुलीत ऐकलेलं वापरायचं नाही, जीव गेला तरी नाही, असा दंडक आहे. म्हणून त्यांनी तिला कबुलीच्या खोपटातून बाहेर बोलावलं आणि तेच पुन्हा सांगायला लावलं. बाई आज्ञाधारक. तिने सांगितलं. देवालाही अशी पळवाट सुचली नसती.

दुसऱ्या दिवशी फादर मालविनाच्या स्वयंपाकघरात हजर.

"बाई, त्या बाळाला कशाने बाप्तिस्मा दिलात?"

"पाण्याने. अजून कशाने, व्हिस्कीने?"

"आईला गोड लागलं म्हणे."

"आईला पोर गोडच लागतं, फादर. तुम्हाला कुठून ठाऊक असणार म्हणा."

फादरचे कान लाल झाले, पण त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "गुऱ्हाळात जाऊन आलो मी. ओव्हिला म्हणतो, दाराजवळच्या बादलीत रस होता. झाडाचा रस म्हणजे पाणी नव्हे. दूध नाही, दारू नाही, रस नाही. तसा बाप्तिस्मा होतच नाही."

"आकाशातून बर्फ पडतं, ते जमिनीत जिरतं, झाड पितं, आम्ही झाडाला भोक पाडतो, ते बाहेर येतं. कुठे बदललं ते? चालीचालीत थोडं गोड झालं एवढंच. आणि नदीचं पाणी चालतं तुम्हाला, ज्यात रांकूरच्या सगळ्या गाई मुततात!"

"नदीचं चालतं," फादर म्हणाले. त्यांनाही ते बोलताना बरं वाटलं नसावं.

"पोर रडलं होतं, फादर! जिवंत होतं! आजवर एवढी—" मालविनाने जीभ चावली. तीस वर्षं तिने मेलेली बाळं पापणीच्या जोरावर स्वर्गात ढकलली आणि एकाला कुणी अडवलं नाही. हा एकच पोरगा खरा जिवंत, खरा रडलेला, आणि नेमका तोच दारावर अडला. तिला रडूही आलं आणि हसूही आलं.

फादर उठले. "मला वाईट वाटतं, बाई. पण आशीर्वाद दिलेल्या जमिनीत मी त्याला पुरू शकत नाही. जमीन सैल झाली की बाहेरच्या कोपऱ्यात. आल्बेर्टिनला मी सांगितलंय."

आल्बेर्टिनने ते ऐकून घेतलं आणि अंथरूण धरलं. ओव्हिला वाटाण्याचं सूप घेऊन तिच्यापाशी बसायचा, ती भिंतीकडे तोंड करायची. मालविना भेटायला गेली तेव्हा ती एवढंच बोलली, "मावशी, मी ओठ चाटले म्हणून झालं हे. मी गप्प बसले असते तर तो आत राहिला असता."

"गप्प! तुझं काही चुकलं नाही. बादली माझ्या हाताने चुकली."

"त्या कोपऱ्यात मी जाऊसुद्धा शकणार नाही. माझी सासू म्हणते, तिथे फुलं नेली तर पाप लागतं."

"लागत नाही," मालविना म्हणाली. "मी नेते की." मग तिथून उठली ती घरी येईपर्यंत तिने वेदी, प्याला, पेटी आणि मेणबत्त्या तर सोडाच, घंटेची दोरीसुद्धा शिल्लक ठेवली नाही.

त्या हिवाळ्यात दगडी कोठीत मादमोआझेल युजेनी लाबेर्जही होती. गावची सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत सोवळी कुमारिका. देवळात कुणाचं पोर कुरकुरलं की मागे वळून असं बघायची की पोराबरोबर बापही गप्प व्हायचा. फेब्रुवारीत न्यूमोनियाने गेली. स्वतः काडीसारखी, पण पेटी मात्र शहरातून मागवलेली, ओकच्या लाकडाची, आत रेशमी गादी, दोन माणसं निजतील एवढी ऐसपैस.

"म्हाताऱ्या," मालविनाने आदेलारला विचारलं, "युजेनीच्या पेटीला खिळे आहेत की स्क्रू?"

आदेलारने कमरेची किल्ली चाचपली. "पितळी स्क्रू," तो म्हणाला.

"बरं झालं. श्रीमंतांचा एवढा तरी उपयोग."

रविवारच्या मोठ्या प्रार्थनेला, मिस्साला, अख्खं गाव देवळात. फादर पाके प्रवचनाला चढले, आणि ते चढले म्हणजे बटाटे लावून काढून होईपर्यंत उतरायचे नाहीत हे आदेलारला घंटेइतकंच पाठ होतं. तो मागच्या दाराने निघाला. मालविना आधीच कोठीपाशी शालीखाली काहीतरी जड घेऊन उभी होती.

"काय आणलंस?"

"मॅपलच्या साखरेची ढेप. रिकामी पेटी हलकी लागेल ना, येड्या."

आदेलारने कोठी उघडली आणि युजेनीच्या पेटीपाशी वाकला. स्क्रू सुटले, झाकण उघडलं. युजेनी आतून वर बघत होती, जिवंतपणी बघायची तशीच. मालविनाने तिला नमस्कार केला. "माफ कर गं, युजेनी. आयुष्यभर पोरांवर डोळे वटारलेस, आता एक सांभाळ. हा रडत नाही, हे आधीच सांगते." मग तिने जोझेफला पांढऱ्या शालीत होता तसाच उचलला, त्याच्या कपाळाचा मुका घेतला, आणि युजेनीच्या हडकुळ्या कुशीत, रेशमी गादीवर ठेवला. त्याच्या पेटीत ढेप घातली, झाकण लावलं. "हा रस स्वर्गात चालत नाही ना? जाऊ दे मग लिंबोत." आदेलारने स्क्रू पिळले. पिळताना तो रडत होता, आणि ते बघून मालविना गडबडली, कारण त्यांच्या स्वतःच्या पोराच्या वेळी तो रडला नव्हता. आदेलार देवळात परत पोचला तेव्हा फादर अजून तिसऱ्या मुद्द्यावर होते.

मेमध्ये जमीन सैल झाली. मादमोआझेल युजेनीला घंटा, धूप, गाणी अशा थाटात आत पुरलं. पेटी उचलणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला की श्रीमंत माणूस मेल्यावरही वजन राखून असतं. मग संध्याकाळी फादर पाके छोटी पेटी घेऊन एकटेच कुंपणाबाहेर गेले. घंटा नाही, प्रार्थना नाही. त्यांचा चेहरा पडला होता. साखरेच्या ढेपेला एवढ्या दुःखाने कुणी कधी पुरलं नसेल.

मालविनाने आल्बेर्टिनच्या कानात सांगितलं. आल्बेर्टिन उठून बसली, आधी हसली, मग रडली, आणि मग तिने दोन वाडगे सूप प्यायलं. दर रविवारी ती युजेनीच्या थडग्यावर फुलं ठेवू लागली. फादरनी प्रवचनात तिची स्तुती केली: ज्या बाईने हिच्याकडे कधी प्रेमाने बघितलं नाही तिच्यासाठीही ही फुलं आणते, याला म्हणतात ख्रिस्ती क्षमा.

पण एक गोष्ट राहिली होती. ईस्टरची कबुली. वर्षातून एकदा ती केलीच पाहिजे. जो करत नाही तो सगळ्या गावादेखत बाकावर बसून राहतो आणि बाकीचे पवित्र भाकर घ्यायला पुढे जातात. मालविनाने कबुली पुढे ढकलली होती, आणि आता ती बसून राहिली. गाव बघत होतं. ईस्टरनंतर काही आठवड्यांची मुदत असते, ती संपत आली तेव्हा फादर पुन्हा तिच्या स्वयंपाकघरात आले.

"बाई, तुमची कबुली राहिलीये."

"कबूल करायला अडचण नाही, फादर. पश्चात्ताप होत नाहीये, ही अडचण आहे."

"कशाचा?"

"ते सांगितलं की तुम्ही म्हणणार, आधी होतं तसं करून ये, मग माफी. ते मी करणार नाही. मग कशाला तुमचा वेळ खायचा?"

फादर पाके मूर्ख नव्हते. त्यांनी खिडकीतून दफनभूमीकडे बघितलं, मग युजेनीच्या थडग्यावरची ताजी फुलं बघितली. शेवटी म्हणाले, "मी काही विचारत नाही. पण अशाच मेलात तर कुंपणाच्या आत जागा मिळणार नाही. बाहेरच्या कोपऱ्यात ठेवावं लागेल."

"तिथे माझा मुलगा आहे."

"ठाऊक आहे." फादरचा आवाज खाली आला. "म्हणून तर सांगतोय. जमिनीत तुम्ही शेजारी असाल, पण वर नाही. तो लिंबोत आहे. तुम्ही नरकात जाल, बाई. तिथूनही तो भेटणार नाही."

मालविनाने पाइप तोंडातून काढला. तिला भीती वाटत होती, खरीखुरी. नरकाची आग तिने लहानपणापासून चित्रात बघितली होती आणि तिच्यातल्या एकेका जिभेवर तिचा विश्वास होता.

"लिंबो नरकाच्या काठावर असतं ना, फादर? तुम्हीच शिकवता पोरांना."

"हो. काठावर."

"मग हाक पोचेल," ती म्हणाली. "स्वर्गातून फार लांब पडलं असतं."

फादर टोपी घेऊन उठले आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा आत आले, बसले. तिने त्यांच्यापुढे सूप ठेवलं. त्यांनी ते संपवलं.

पुढच्या हिवाळ्यात मालविना छातीत कफ होऊन गेली. शेवटी फादरना बोलावू का असं शेजारणीने विचारलं, तर म्हणाली, बोलव, पत्ते खेळायला. मे महिन्यात आदेलारने तिला कोपऱ्यात पुरलं, पोराच्या अगदी लगत. फादर पाके आले आणि कुंपणाला टेकून उभे राहिले, हातातलं पुस्तक मिटलेलं. नियम मोडायला त्यांना जमलं नाही, घरी जायलाही जमलं नाही.

आदेलार घंटा वाजवत राहिला, मेणबत्त्या लावत राहिला, खड्डे खणत राहिला. त्याने जन्मात एक कबुली चुकवली नव्हती. पुढच्या ईस्टरला मात्र तो बाकावर बसून राहिला.